आयपॅडवरचं चित्र कागदावर येतं तेव्हा: डेव्हिड हॉक्नी आणि छापचित्राचा विचार

रंगपेटी
नमस्कार. इथे आयपॅडवर चित्रं काढणारी बरीच मंडळी आहेत आणि एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरलेल्या चित्राचा छाप) आणि लिथो (दगडावरून घेतलेला छाप, म्हणजे शिळाछाप) करणारेही दोघं-तिघं आहेत. दोन्हीकडच्यांनी बोलावं म्हणून हा धागा काढते आहे.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी २००९ मध्ये आयफोनवर 'ब्रशेस' नावाच्या ॲपमध्ये बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या ब्रिडलिंग्टनच्या घरी पहाटे अंथरुणातूनच खिडकीबाहेरचा सूर्योदय काढायचा आणि मित्रांना पाठवून द्यायचा. खोलीत दिवा लावायची गरज नाही, कारण उजेड स्क्रीनमध्येच. २०१० मध्ये आयपॅड आला तसे ते त्यावर गेले. त्याच वर्षी पॅरिसला प्रदर्शन झालं, त्यात ही चित्रं फोन आणि आयपॅडच्या पडद्यांवरच मांडली होती. कागदाचा संबंधच नव्हता.

आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत काय, तर ब्रिडलिंग्टनजवळच्या वोल्डगेट या जुन्या रोमन रस्त्यावरचा वसंत. जानेवारी २०११ पासून त्या एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जाऊन काढलेली ५१ आयपॅड-चित्रं, सगळी कागदावर छापलेली, आणि सोबत ३२ कॅनव्हास जोडून केलेलं एक प्रचंड तैलचित्र. प्रत्येक छापचित्राचं नाव म्हणजे त्या दिवसाची तारीख.

मधल्या या काळात जे बदललं ते मला फार मोलाचं वाटतं. चित्र मोठं छापलं जाणार हे आधी ठरलं आणि मग हाताने त्या मापाची रेघ ओढायला सुरुवात केली. माझं ठाम मत असं आहे की या चित्रांचं अंतिम रूप कागदावरचंच आहे, स्क्रीन हे फक्त काम करायचं टेबल. आपल्यातले बहुतेक जण मात्र चित्र पूर्ण करतात आणि मग 'एक प्रिंट काढून घेऊ' म्हणतात. तुम्ही काय करता? छपाई पहिल्या रेघेपासून डोक्यात असते का?

तिरकी_रेघ
मस्त विषय. वाचतेय. छापखानेदादांना कुणीतरी हाक मारा, ते नुसते वाचून निघून जातात.

निवांत_नाना
चित्रकार म्हणून हॉक्नींबद्दल आदर आहेच, पण याला छापचित्र म्हणायला मन धजत नाही. प्लेट नाही, दगड नाही, लाकूड नाही. फाइल पाठवली, यंत्राने शाई फवारली, झालं. छापचित्रात माध्यम आपल्याला विरोध करतं आणि त्या विरोधातून काहीतरी निघतं. काचेवर बोट फिरवताना कसला विरोध? उत्तम दर्जाचं पोस्टर म्हणा, माझी हरकत नाही.

मेघ_मल्हारी
+१ नानांना. 'अनडू' करून रेघ परत पुसता येत असताना तिला धाक कसला?

छापखाना_शुक्रवार
हाक ऐकू आली :)

नाना, विरोधाचा मुद्दा अगदी मान्य, पण हॉक्नीच्या बाबतीत थोडं मागे जायला हवं. हा माणूस छापचित्रातूनच वर आलेला आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना रंग घ्यायला पैसे उरले नाहीत म्हणून तो छापचित्र विभागात गेला, कारण तिथे साहित्य फुकट मिळायचं. तिथून पुढे १९६१ ते ६३ मध्ये त्याने 'अ रेक्स प्रोग्रेस' ही १६ एचिंग्जची मालिका केली. अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार हॉगार्थ याच्या १७३५ च्या मालिकेवरून घेतलेली कल्पना, पण त्यात न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेलेला तरुण हॉक्नी स्वतः. रंग दोनच, काळा आणि लाल. इतकी कमी सामग्री आणि पान अर्धं रिकामं, तरी चित्र बोलतं.

मग १९७३ मध्ये तो पॅरिसला आल्दो क्रोमेलिंकच्या स्टुडिओत गेला. क्रोमेलिंकने पिकासोची एचिंग्ज वर्षानुवर्षं छापली होती. पिकासोसाठी त्याने एकाच प्लेटवर अनेक रंग लावून रंगीत एचिंग काढायची पद्धत बसवली होती, पण ती वापरायच्या आत पिकासो गेला. ती हॉक्नीच्या हाती आली.

ज्यांनी एचिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रंगीत एचिंग सहसा असं होतं की प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट करायची आणि त्याच ओल्या कागदावर एकामागून एक छापायची. कागद ओला असताना ताणला जातो, दाबाने पसरतो, एक प्लेट केसभर सरकली की हिरवा पानाबाहेर आणि लाल फुलाबाहेर. म्हणून चित्रकार आधीच सावध होतो आणि सगळं आखून-रेखून करतो. एका प्लेटच्या पद्धतीत हे जुळवणं उरतच नाही. निळी शाई इथे, पिवळी तिथे, छोट्या बोळ्यांनी भरायची, जाळीदार कापडाने हलक्या हाताने पुसायची आणि एकदाच प्रेसखालून काढायची. त्यामुळे चित्रकार प्लेटवर बसून थेट, पटापट रंगात विचार करू शकतो. या पद्धतीतून १९७६-७७ मध्ये 'द ब्लू गिटार' ही २० एचिंग्जची मालिका झाली.

मला जे दिसतं ते असं की हॉक्नी आयुष्यभर छापचित्रातला मधला वेळ कमी करत आला आहे. हात आणि छाप यांच्यात जितकं कमी काही येईल तितकं त्याला हवं असतं. आयपॅड हा त्याच वाटेवरचा पुढचा थांबा.

तिरकी_रेघ
बघा, हाक मारली की असं सोनं मिळतं.

यॉर्कशर_मावशी
मी लीड्सला असते. २०१२ चं ते प्रदर्शन मी आणि यजमानांनी लंडनला जाऊन पाहिलं होतं, म्हणून लिहिते.

नाना, लांबून पाहिलं तर झाडं, चिखल, ओला रस्ता, सगळं भरगच्च. जवळ गेलं की ते सगळं साध्या खुणांचं बनलेलं दिसतं. गवताची पाती म्हणजे एकाच जाडीच्या, एकमेकींवर चढलेल्या रेघा. त्यांच्यामागे अर्धपारदर्शक हिरव्याचा एक धुरकट पट्टा. फांद्यांवरचा कोवळा पाला म्हणजे गोल ठिपके, तेही सुटे सुटे. स्क्रीनवर एवढ्या मोठ्या खुणा बटबटीत वाटल्या असत्या. माणसाच्या उंचीच्या कागदावर मात्र त्या आपल्या डोळ्यांच्या मापाच्या होतात. त्यामुळे रंगपेटीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, छापायचं माप माहीत असल्याशिवाय हात असा चालणार नाही.

दुसरं, २०२० मध्ये हॉक्नी फ्रान्समध्ये नॉर्मंडीत होता. टाळेबंदीतला तो वसंतही त्याने आयपॅडवर काढला आणि २०२१ मध्ये रॉयल अकॅडमीत त्यातली ११६ चित्रं लागली. या वेळी ब्रशेस त्याला हवं तसं बदलून घेतलं होतं, लीड्सच्या एका गणितज्ञाच्या मदतीने. आमच्या गावचा गणितज्ञ म्हणून मला उगाच अभिमान! त्याच नॉर्मंडीच्या चित्रांतून जोडलेला ९० मीटर लांबीचा पट्टा २०२२ मध्ये इथे सॉल्टेअरच्या सॉल्ट्स मिलमध्ये लागला होता. जुनी कापडगिरणी आहे ती, आणि पट्टा माळ्यावरच्या लांबलचक जागेत. नॉर्मंडीतल्याच बायो इथल्या सुमारे ७० मीटर लांबीच्या मध्ययुगीन भरतकामावरून त्याला ही कल्पना सुचली. आपण चालत राहायचं आणि शेजारून ऋतू बदलत राहतात. हिवाळ्याची उघडी झाडं, मग फुलोरा, मग पाऊस, मग पानगळ. ९० मीटरचं असं एक सलग चित्र फोनवर बघता येत नाही, त्याला भिंत आणि पाय लागतात.

निवांत_नाना
मावशी, वर्णन सुंदर. पण तुम्हीच सांगा, जवळ गेल्यावर पृष्ठभाग कसा होता? त्या ३२ कॅनव्हासच्या तैलचित्राशेजारी ती छापचित्रं सपाट वाटली की नाही?

यॉर्कशर_मावशी
वाटली. तैलचित्रात रंगाला जाडी होती, यांत कुठेच नव्हती. दोन-तीन चित्रांत आकाशाचा भाग तर अगदीच निर्विकार होता. ते लपवायचं कारण नाही.

निवांत_नाना
मग माझा आक्षेप पूर्ण गेलेला नाही. एचिंगला कागदावर उठाव असतो, बोटाला लागतो. प्लेटची कड कागदात उमटते. ती हरवलेली गोष्ट आहे आणि ती हरवली आहे असं म्हणायला हवं.

छापखाना_शुक्रवार
नाना, हे खरं आहे, हरवलीच आहे. पण लिथोला तरी कुठे उठाव असतो? शिळाछाप सपाटच असते आणि तिला आपण छापचित्रच म्हणतो.

गिरगावकर
अवांतर, पण शिळाछाप निघाली म्हणून. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत, आमच्या गिरगावात छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफना, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापांना, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. आजोळच्या देवघरात त्यातली लक्ष्मी होती, वर जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवलेली. आजी रोज हात जोडायची, तिला ते मूळ चित्र आहे की छाप याच्याशी कर्तव्य नव्हतं.

मुद्दा असा की रविवर्म्यांचं तैलचित्र आधी होतं आणि कारागिरांनी ते दगडावर उतरवलं. म्हणजे ती प्रतिकृती, जरी लोकांनी तिला देवत्व दिलं. हॉक्नीच्या वोल्डगेटमागे तैलचित्र नाही. कागदावर येण्याआधी ते चित्र कुठे 'होतं' असं म्हणताच येत नाही. म्हणून मी ते मूळ छापचित्र धरीन.

मेघ_मल्हारी
हा फरक आवडला. माझा +१ अर्धा मागे घेते.

तिरकी_रेघ
+०.५ अशी नोंद झाली आहे.

चहा_साखर_कमी
गिरगावकर, मूळ नसलेल्या छापेवरून आठवलं. हॉक्नीने १९८६ मध्ये ऑफिसातल्या रंगीत फोटोकॉपी यंत्रावर छापचित्रं केली होती, त्यांना तो 'होम मेड प्रिंट्स' म्हणायचा. मी स्वतः झेरॉक्सच्या धंद्यात वाढलो, त्यामुळे त्यातली गंमत मला नीट कळते.

त्या यंत्रात एका वेळी एकच रंग छापायचा. निळ्याचं चित्र वेगळ्या कागदावर काढायचं, काचेवर ठेवायचं, छापायचं. मग टोनरचं कार्ट्रिज बदलायचं, तोच छापलेला कागद पुन्हा ट्रेमध्ये सरळ ठेवायचा, काचेवर आता लालचं चित्र. असं करत करत थर चढवायचे. काचेवर पान किंवा कापड ठेवलं तर यंत्र त्याचा फोटोही काढणार. म्हणजे कॅमेरा आणि प्रेस एकाच डब्यात. आणि पूर्ण चित्र काचेवर कधीच नसतं, ते फक्त बाहेर आलेल्या कागदावर जुळतं. ट्रेमधला कागद दुसऱ्या फेरीला किंचित तिरका जातो हे धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या येणं कठीणच.

आज आपण आयपॅडवर 'लेयर' म्हणतो ते त्याने २० वर्षांहून अधिक आधी हाताने कागद भरून केलं होतं. नंतर फॅक्सवरही चित्रं पाठवली, १९८९ च्या ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनासाठी तर सगळं काम फॅक्सनेच गेलं. प्रत्येक वेळी त्याने यंत्राला 'तुझ्याकडून काय होतं' असं विचारलं आणि तेवढ्यातच चित्र बसवलं. फॅक्सला करडा रंग नीट जमत नाही म्हटल्यावर ठिपके आणि रेघा. नाना ज्या विरोधाबद्दल बोलतात तो इथेच आहे, फक्त तो तांब्याच्या प्लेटचा नाही, टोनरचा आहे.

निवांत_नाना
हे मला माहीत नव्हतं. टोनरच्या विरोधाला मी मान देतो.

नाशिकची_शाई
मी छपाईच्या बाजूची, चित्रकारांच्या फाइली रोज हाताळते, म्हणून थोडं व्यवहाराचं बोलते. रंगपेटीच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो, पहिल्या रेघेपासूनच' असं आहे आणि कारणं अगदी रोखठोक आहेत.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत देतो. आयपॅडच्या रंगकक्षेत जे झगझगीत हिरवे, विजेसारखे निळे आणि राणी-गुलाबी येतात ते शाईच्या आवाक्यातच नसतात, विशेषतः मॅट कागदावर. पावसाळी सह्याद्री काढणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुःख हेच. स्क्रीनवर हिरव्याच्या चार छटा वेगळ्या दिसतात, कागदावर त्यातल्या तीन एकाच हिरव्यात मिसळतात आणि डोंगराचा उतारच नाहीसा होतो. म्हणून छटा फक्त तेजाने वेगळ्या ठेवू नका, गडद-फिक्याने आणि गरम-थंडाने वेगळ्या करा. चित्र मध्येच काळं-पांढरं करून बघा, त्यात डोंगर दिसला तर कागदावरही दिसेल.

माप आधी ठरवा. ए२ कागदावर इंचाला ३०० ठिपके हवे असतील तर कॅनव्हास ४९६१ बाय ७०१६ पिक्सेलचा लागतो. एवढा मोठा घेतला की ॲप लेयर कमी देतं आणि मग लोक छोटा घेऊन नंतर ताणतात. ताणलेली रेघ कडेला भुरकट होते. ब्रशेससारखं ॲप चित्रासोबत फटकाऱ्यांची नोंद ठेवायचं, त्यामुळे तेच फटकारे मोठ्या मापावर पुन्हा रेखून घेता यायचे, हॉक्नीच्या मोठ्या प्रतींना त्याचा फायदा झाला. पिक्सेलच्या ॲपमध्ये ती सोय नाही.

आणि स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणून काम करा. 'प्रिंट काळपट आली' या दहातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पूर्ण उजेडावर ठेवलेल्या स्क्रीनमध्ये असतं.

रंगपेटी
शाईताई, हिरव्याचं अगदी मर्मावर बोट ठेवलंत. काळं-पांढरं करून बघायची युक्ती आजच वापरून पाहिली. कळसूबाईच्या चित्रात मागच्या दोन रांगा खरंच एक झाल्या.

मेघ_मल्हारी
मग त्या रांगांचं काय करणार? हिरवा बदलणार?

रंगपेटी
मागची रांग निळसर करडी करते आहे आणि मधल्या रांगेवर हिरवा सपाट न भरता तुटक तिरक्या रेघांनी घेते आहे, खाली कागदाचा पांढरा दिसेल असा. स्क्रीनवर ते थोडं कोरडं वाटतंय. पण मावशींनी सांगितलेले सुटे ठिपके डोक्यात आहेत, ए२ वर ते जमेल असा भरवसा वाटतो.

फ्रेम_आणि_काच
माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. डिजिटल प्रिंट घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, "ओरिजिनल कुठे आहे?" आणि समोरचा आयपॅड दाखवतो. मग मी विचारतो, "याला माउंट कोणता लावू?" :)

गंमत सोडा, गंभीर प्रश्न. प्रतींच्या संख्येचं काय? एचिंगची प्लेट झिजते आणि शेवटी तिच्यावर काट मारतात. फाइल झिजत नाही. मग '३/२५', म्हणजे पंचविसातली तिसरी प्रत, असं पेन्सिलने लिहिण्याला अर्थ काय?

छापखाना_शुक्रवार
प्रामाणिकपणा, एवढाच अर्थ. लिथोचा दगडही घासून पुन्हा वापरता येतो आणि पोलादाचा मुलामा दिलेली तांब्याची प्लेट भरपूर प्रती देते, तरी छापचित्रकार आकडा मर्यादित ठेवत आले. झीज हे कधीच पुरेसं कारण नव्हतं. वोल्डगेटच्या प्रतीही ठरावीक संख्येतच निघाल्या. माझा आग्रह एवढाच की आकडा आधी जाहीर करा, माप आणि कागद नोंदवा, आणि वेगळ्या मापात पुन्हा काढणार असाल तर तेही आधीच सांगा. एका गॅलरीने माझ्या मित्राच्या २० प्रतींच्या एडिशननंतर तेच चित्र 'वेगळं माप' म्हणून परत विकायला काढलं, घेणारे चिडले आणि बोलणी त्याला खावी लागली.

नाशिकची_शाई
दादांना दुजोरा. त्यात टिकाऊपणाही आला. गायक ग्रॅहम नॅशने १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात आयरिस यंत्रावर कलाछपाईचा स्टुडिओ उघडला. ते यंत्र मुळात छापखान्यात प्रूफ, म्हणजे छपाईआधीची चाचणी प्रत, काढायला बनवलेलं होतं. त्यातल्या सुरुवातीच्या शाया काही वर्षांतच फिकट पडायच्या. आता रंगद्रव्याच्या शाया आणि सुती कागद मिळतो, तेव्हा घेणाऱ्याने 'कोणती शाई, कोणता कागद' असं बिनधास्त विचारावं आणि चित्रकाराला उत्तर देता आलं पाहिजे.

निवांत_नाना
धागा सुरू झाला तेव्हा मी पोस्टर म्हणालो होतो. आता असं म्हणतो की ज्याने छपाई डोक्यात ठेवून रेघ ओढली त्याचं छापचित्र आणि ज्याने फाइल नुसती छापायला टाकली त्याचं पोस्टर. एकाच यंत्रातून दोन्ही निघू शकतात. उठावाबद्दलची माझी हळहळ मात्र कायम.

रंगपेटी
नाना, हे मान्य. माझंही म्हणणं याच्याच जवळ आहे. फक्त एक जोडते, उठाव नसेल तर ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. हॉक्नींनी ती मापाने भरली आणि मालिकेने भरली. एकटं चित्र सपाट वाटेल, पण त्याच रस्त्याची जानेवारी, मार्च आणि मेमधली चित्रं शेजारी लावली की चित्राला खोली काळामुळे येते. म्हणून मी कळसूबाई एकदाच न काढता बारीच्या वाटेवरून जून ते सप्टेंबर काढायचं ठरवलं आहे. सगळी ए२, एकच कागद, प्रत्येकी १० प्रती.

यॉर्कशर_मावशी
सप्टेंबरात सोनकीचा पिवळा येईल तेव्हा आठवणीने फोटो टाक. इथून त्याचीच फार आठवण येते.

भिजलेला_मावळा
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. एकच शंका. जून ते सप्टेंबर छापायचं म्हणताय, पण पावसाळ्यात सुती कागद दमट होत नाही का? आमच्याकडे कोकणात तर बुरशी येते.

नाशिकची_शाई
होतो. म्हणून चित्रं पावसाळ्यात काढावीत आणि छपाई दिवाळीनंतर करावी. तोपर्यंत प्रत्येक चित्राची तळहाताएवढी चाचणीपट्टी छापून घ्या, तिच्यावर तारीख आणि कागदाचं नाव लिहा आणि खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. छापलेला कागद काचेखाली घालायच्या आधी निदान एक दिवस उघडा राहू द्या. आणि रंगपेटी, हिरव्याच्या पहिल्या पट्ट्या छापून झाल्या की इथे टाका, मी बघून सांगते.